ओवीचे माप कुठून आले?

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, ११२९च्या सुमारास, एक नोंद सापडते: महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’च्या (१२९०) दीडशेहून अधिक वर्षे आधी ओवी मुसळाच्या ठेक्यावर रुजलेली होती. मराठी कवितेचा इतिहास सांगताना आपण पोथीपासून सुरुवात करतो, ते मला पटत नाही. सुरुवात उखळाजवळ, जात्याजवळ व्हायला हवी.

दोघी समोरासमोर बसतात, खुंटा दोघींच्या हातात. मोकळ्या हाताने एक जण धान्याचा घास टाकते. ओवीची ओळ त्या ओढीला धरून चालते, दम घ्यायचा तिथेच थांबते. पहिली ओळ बहुतेकदा सगळ्यांच्या ओठावरची, तयार असते. ती म्हणता म्हणता दुसरी जुळवायची, यमक साधायचे, त्यात माहेर, भाऊ, सासूचा जाच बसवायचा. ‘उत्स्फूर्त’ म्हणून हे कौशल्य बाजूला सारणे अन्यायाचे आहे. ते रोज पहाटे घासून तयार झालेले असते.

अभंगाचे नातेही ओवीशीच. ‘मोठा अभंग’ या प्रकारात चार चरणांत सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे मोजलेली. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. हे माप अक्षरशत्रू माणसाच्याही कानात बसते, म्हणून वारकरी संतांमध्ये माळी, कुंभार, सोनार, न्हावी सगळे रचना करू शकले. त्यांनी आपापली हत्यारेही कवितेत आणली. नरहरी सोनार देहाची बागेसरी (सोनाराची शेगडी) आणि त्रिगुणांची मूस करतात. सेना न्हावी विवेकाचा आरसा दाखवतात, वैराग्याचा चिमटा चालवतात. ज्याने मुशीत सोने ओतले आहे, त्यालाच हे असे सुचते.

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता येत नव्हते. शेतात आणि घरोट्यावर, म्हणजे जात्यावर, रचलेली त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली पुस्तकरूपाने आली. बाकी असंख्य जणींचे कोणी टिपले नाही.

पिठाची गिरणी आली आणि बायकांचे मोठे कष्ट वाचले. ते वाचायलाच हवे होते. पण जाते थांबले तशी नवी ओवी रचणेही आटले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बहुतेकींनी स्वतःला कधी कवी म्हणवले नव्हते.