पिल्लांचं उष्टावण

आमच्या जिन्याखाली व्यालेली कुत्री पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लांना पाजता पाजता अचानक उठली. दोन पिल्लं सडांना तशीच लटकून राहिली, दोन पावलं फरफटत गेली आणि गळून पडली. आई मात्र तिसऱ्या पायरीवर, पिल्लांना चढता येणार नाही अशा जागी जाऊन बसली. "बघा, टाकलं हिनं पिल्लांना," असं म्हणत शेजारच्या काकू वाटीभर गाईचं दूध घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली सगळ्या पिल्लांना हगवण.

काकूंची माया खरी होती. पण कुत्रीनं पिल्लांना टाकलं नव्हतं. ती त्यांना अंगावरून तोडायला लागली होती, आणि तेही अगदी वेळेवर.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, अंगाची ऊबही राखता येत नाही. आईनं चाटल्याशिवाय शी-शूसुद्धा होत नाही. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, त्यानंतर कान. तिसऱ्या आठवड्यात पाय जरा स्थिर होतात आणि हिरडीतून सुईसारखे दुधाचे दात डोकावू लागतात. हे दात एकूण २८ असतात आणि सहाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक सगळे येतात. सडांवर या सुया रुतायला लागल्या, की आईचं पाजणं बदलतं. आधी ती आडवी पडून निवांत पाजत असे, आता उभ्यानं पाजते, मध्येच निघून जाते, कधी गुरगुरते. कॅलेंडरवर खूण करण्यापेक्षा आईकडे बघा. वरचं खाणं सुरू करायची वेळ तीच सांगते, आणि ती बहुधा तिसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येते.

यामागे नुसते दात नाहीत. याच सुमारास कुत्रीचं दूध सर्वांत जास्त येत असतं. मोठं वेत असेल तर तिला एरवीच्या दुप्पट ते चौपट अन्न लागतं. ते मिळालं नाही की तिचं अंग झिजतं, फासळ्या दिसू लागतात. रॉबर्ट ट्रिव्हर्स या जीवशास्त्रज्ञानं १९७४ साली मांडलं, की दूध कधी थांबवायचं यावर आई आणि पिल्लू यांचं एकमत होणं कठीणच. पिल्लाला आणखी हवं असतं. आईला मात्र हे वेत आणि पुढचं वेत अशा दोन्हींचा हिशेब सांभाळायचा असतो. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेतल्या अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा झगडा आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांमध्ये टिपला आहे. पिल्लं वाढतात तशी आई दूर सारू लागते, आणि पिल्लं काय करतात? शेजारच्या दुसऱ्या दुभत्या कुत्रीला जाऊन लुचतात. संशोधकांनी त्याला सरळ दूधचोरी म्हटलंय.

आता उष्टावण कसं करायचं ते. पिल्लांसाठीचा चांगला कोरडा आहार कोमट पाण्यात भिजवून अगदी पेजेसारखा पातळ करायचा आणि उथळ ताटलीत ठेवायचा. वाटी नको, तोंड बुडतं आणि ठसका लागतो. आईला तेवढ्यापुरतं लांब न्यायचं, नाहीतर सगळं तीच चाटून टाकते. पहिल्या दिवशी पोटात थोडं आणि अंगावर बरंच जातं. पिल्लं ताटलीत चालतात, एकमेकांना चाटतात, त्यातून चव कळते. बोटाला लावून ओठांवर टेकवलं तरी चालतं, पण तोंडात कोंबायचं नाही. दिवसातून चार वेळा थोडं थोडं. दर दोन-तीन दिवसांनी पाणी कमी करत जायचं. मग सहाव्या-सातव्या आठवड्यात पिल्लं ते कुरुमकुरुम चावून खातात. साधं पाणी उथळ भांड्यात कायम हवं.

गाईचं दूध का नको, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त चूक इथेच होते. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश सुमारे ९ टक्के आणि प्रथिनं ७ ते ८ टक्के असतात. गाईच्या दुधात दोन्ही त्याच्या निम्म्याहून कमी, आणि दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज मात्र जास्त. म्हणजे पिल्लाला पोट भरायला दूध भरपूर प्यावं लागतं आणि तितकी जादा साखर आतड्यात जाते. ती पचवणारं विकर दूध तुटण्याच्या वयात कमी होऊ लागलेलं असतं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि हगवण लागते. इवल्याशा पिल्लाच्या अंगातलं पाणी किती वेगानं उतरतं, हे ज्यानं पाहिलंय तो विसरत नाही. दूध-बिस्किट किंवा नुसता दूधभातही वाढत्या हाडांना आणि स्नायूंना पुरत नाही.

आईचंही दूध एका झटक्यात बंद करू नये. सडांत दूध साठलं की ते सुजतात, दगडासारखे घट्ट होतात, ताप येतो. पिल्लं वरचं खाऊ लागली की आईचा वाढवलेला खुराक हळूहळू खाली आणायचा, म्हणजे पान्हाही आटत जातो. आणि पाजणारी कुत्री अचानक धापा टाकू लागली, थरथरली, पाय ताठ झाले, तर रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. लहान जातींत हे जास्त दिसतं. तेव्हा घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब पशुवैद्य गाठा.

दूध सहा-सात आठवड्यांत सुटतं. पण म्हणून पिल्लू लगेच उचलून न्यायचं नाही, आणि माझा खरा आग्रह इथे आहे. महिन्याचं पिल्लू 'आता खातं ना' म्हणून दिलं जातं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. इटलीतल्या संशोधकांनी २०११ साली १४० मोठ्या कुत्र्यांची तुलना केली. निम्मी ३० ते ४० दिवसांची असताना आईपासून तोडलेली, निम्मी दोन महिन्यांनी. लवकर तोडलेल्यांमध्ये सततचं भुंकणं, फिरायला नेल्यावर घाबरणं, खाणं किंवा खेळणं राखत बसणं, वस्तूंची नासधूस हे सगळं जास्त आढळलं. आपल्याकडेही श्वान प्रजननाच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही.

याच वयात आणखी एक फट पडते. जन्मानंतर पहिल्या दिवसात चिकातून मिळालेली आईची प्रतिकारशक्ती साधारण सहाव्या आठवड्यापासून ओसरू लागते. पण ती थोडीफार उरलेली असेपर्यंत लसही नीट लागू होत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस देऊन, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत पुढच्या लसी देतात. पार्व्हो या विषाणूच्या जीवघेण्या हगवणीनं पिल्लं जातात ती बहुधा याच फटीत. जंताचं औषध तर त्याआधीच, दोन आठवड्यांच्या वयापासून लागतं, कारण जंत आईच्या पोटातच आणि पुढे दुधातूनही पिल्लांत येतात.

आमच्या जिन्याखालची पिल्लं सात आठवड्यांची झाली तेव्हा सडांत फारसं काही उरलं नव्हतं. तरी रोज दुपारी आई खाली उतरून त्यांच्यात लोळायची. एकानं तिचा कान जोरात चावला, की ती दात दाखवून त्याला जमिनीवर दाबायची. पिल्लू उताणं व्हायचं, क्षणभर गप्प पडायचं आणि पुन्हा कान धरायचं. पण या वेळी दात जरा सैल.