जोखीम आणि संदिग्धता : माहीत नसण्याचे दोन प्रकार

दोन सारखे डबे घ्या. पहिल्यात ५० लाल आणि ५० काळ्या गोट्या मोजून टाका. दुसऱ्यातही लाल-काळ्या मिळून १०० गोट्या टाका, पण कुठल्या किती हे कुणाला सांगू नका. मग घरातल्या कुणालाही विचारा : न बघता एक गोटी काढायची, लाल निघाली तर ५०० रुपये, कुठल्या डब्यात हात घालणार? बहुतेक जण पहिला डबा धरतात. आता पैज बदला. काळी निघाली तर ५०० रुपये. पुन्हा बहुतेकांचा हात पहिल्याच डब्याकडे जातो.

इथे हिशेब अडतो. लालच्या पैजेला दुसरा डबा नको वाटला, म्हणजे त्यात लाल गोट्या पन्नासपेक्षा कमी असतील असं धरलं. तसं असेल तर त्यात काळ्या पन्नासपेक्षा जास्त असणार, मग काळ्याच्या पैजेला तोच डबा घ्यायला हवा होता. दोन्ही वेळा तो नाकारायचा म्हणजे त्यात लालही निम्म्याहून कमी आणि काळ्याही निम्म्याहून कमी असं मानायचं. डब्यात गोट्या तर शंभर आहेत.

हा पेच अमेरिकी अर्थतज्ज्ञ डॅनियल एल्सबर्ग यांनी १९६१ मध्ये मांडला. (दहा वर्षांनी व्हिएतनाम युद्धाविषयीची गोपनीय सरकारी कागदपत्रं वृत्तपत्रांच्या हाती देणारे एल्सबर्ग ते हेच.) यामागचा जोखीम आणि संदिग्धता हा फरक त्याहून जुना. १९२१ मध्ये फ्रँक नाइट आणि जॉन मेनार्ड केन्स या दोघांनी आपापल्या ग्रंथांत तो मांडला होता.

पहिल्या डब्यात आहे ती जोखीम. कुठली गोटी निघेल हे माहीत नाही, पण शक्यता नेमकी माहीत आहे. दुसऱ्या डब्यात आहे ती संदिग्धता. तिथे शक्यता किती हेच माहीत नाही. बोलताना आपण दोन्हींना सरसकट रिस्क म्हणतो. लॉटरीचं तिकीट घेणं रिस्क, आणि परक्या शहरात ओळखपाळख नसताना दुकान टाकणं हीही रिस्कच. मला वाटतं, आपल्या निर्णयांतला बराचसा गोंधळ या दोघींना एकाच दावणीला बांधल्याने होतो, कारण त्यांच्यावरचे उपाय वेगळे आहेत. संदिग्धता चौकशीने कमी होते. जोखीम चौकशीने हलत नाही. पहिल्या डब्यातल्या गोट्या दहा वेळा मोजल्या तरी पुढची गोटी लाल की काळी हे कळणार नाही.

एल्सबर्ग यांना हॉवर्ड रायफा यांनी १९६१ मध्येच दिलेलं उत्तर मला फार आवडतं. दुसऱ्याच डब्यातून गोटी काढा, पण रंग तुम्ही ठरवू नका. नाणं उडवा. छापा पडला तर लालवर पैज, काटा पडला तर काळ्यावर. आता त्या डब्यात ९० लाल असोत की ३, जिंकण्याची शक्यता नेमकी निम्मी. म्हणजे ज्याला आपण घाबरत होतो तो डबा एका नाण्याच्या जोरावर पहिल्या डब्याइतकाच होतो. हे समजावून सांगितलं तरी पुष्कळ जण पहिल्या डब्याला धरून राहतात. हिशेब पटतो, मन मात्र ऐकत नाही. मग हा नकार येतो कुठून?

२००५ मध्ये मिंग ह्सू, कॉलिन कॅमरर आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न थेट मेंदूला विचारला. स्कॅनरमध्ये पडलेल्या माणसांपुढे त्यांनी पैजा ठेवल्या. काही पत्त्यांच्या होत्या, वरच्या डब्यांसारख्याच. काही ज्ञानाच्या होत्या : न्यूयॉर्कमध्ये अमुक दिवशी तापमान अमुक अंशांच्या वर होतं का, आणि हाच प्रश्न दुशान्बेबद्दल. दुशान्बे ही ताजिकिस्तानची राजधानी, आणि अमेरिकेतल्या माणसाला तिथल्या हवेची काही कल्पना नसते. मला या प्रयोगातला हा भाग सर्वांत बोलका वाटतो. दुशान्बेचा प्रश्न अवघड नाही, त्यात धोकाही जास्त नाही. फक्त माहिती कमी आहे.

माहिती कमी होती तेव्हा दोन भाग जास्त जागे झाले. एक अमिग्डला, म्हणजे भीती आणि सावधपणाशी ज्याचा जवळचा संबंध आहे तो मेंदूच्या आतला छोटा भाग. दुसरा ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स, डोळ्यांच्या खोबणीच्या लगेच वर असलेला. उलट, शक्यता माहीत असलेल्या पैजेत स्ट्रायटमची हालचाल जास्त होती. हा भाग मेंदूत खोलवर असतो आणि बक्षिसाच्या अपेक्षेशी त्याचं नातं आहे. पैजेतून जितकं जास्त मिळण्यासारखं, तितकी त्याची हालचाल वाढत होती. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की काहीतरी कळायचं राहिलं आहे, अशी सूचना पहिले दोन भाग देतात, आणि त्या सूचनेमुळे बक्षिसाचं आकर्षण फिकं पडतं.

यापुढचा भाग आणखी विचार करायला लावतो. ऑर्बिटोफ्रंटल भागाला इजा झालेल्या रुग्णांना अशाच पैजा दिल्या, तर त्यांना दोन्ही डबे जवळपास सारखेच वाटले. गोट्यांच्या हिशेबाने पाहिलं तर हेच लोक बिनचूक ठरतात! पण जवळपास त्याच भागाची इजा असलेल्या रुग्णांचं दुसरं चित्र १९९४ पासून समोर आहे. आयोवा विद्यापीठात अँटॉइन बेकारा, अंतोनियो दमासिओ आणि सहकाऱ्यांनी चार गड्ड्यांचा एक खेळ तयार केला. दोन गड्ड्यांत दर पत्त्याला १०० डॉलर मिळतात, पण अधूनमधून इतका मोठा फटका बसतो की दहा पत्त्यांमागे २५० डॉलरचा तोटा होतो. उरलेल्या दोन गड्ड्यांत पत्त्यामागे ५० डॉलरच मिळतात, फटके मात्र लहान, आणि दहा पत्त्यांमागे २५० डॉलरचा फायदा. सुरुवातीला खेळणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. निरोगी माणसं पत्ते उलटत उलटत हळूहळू फायद्याच्या गड्ड्यांकडे सरकतात. हे रुग्ण तोट्याचेच गड्डे उचलत राहिले. तेव्हा संदिग्धतेची चाहूल न लागणं हा काही शहाणपणा नव्हे. ती चाहूलच माणसाला थांबून शिकायला लावते, असं मी यावरून समजते.

एक खबरदारी इथेच घेते. जोखमीला मेंदूत एक खोली आणि संदिग्धतेला दुसरी, असं काही नाही. इफात लेव्ही आणि पॉल ग्लिमचर यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की पैज कुठल्याही प्रकारची असो, ती आपल्याला किती मोलाची वाटते हे स्ट्रायटम आणि कपाळामागचा मधला भाग दोन्ही वेळा सारख्याच रीतीने नोंदवतात. वेगळेपण असलंच तर ते मोल कुठल्या वाटेने ठरतं त्यात असावं.

आता डोपामिनकडे येऊ. त्याला आनंदाचं रसायन म्हणायची पद्धत पडली आहे, आणि तिच्यामुळे ते सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी खरं काय करतात ते झाकलं जातं. वोल्फ्राम शुल्त्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये मांडलेलं चित्र असं : या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अंदाज आणि बक्षीस यांतली तफावत मोजतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर उसळतात, अपेक्षेइतकंच मिळालं तर नेहमीच्या गतीने चालू राहतात, अपेक्षित असून मिळालं नाही तर मंदावतात.

२००३ मध्ये क्रिस्टोफर फिओरिलो, फिलिप टोब्लर आणि शुल्त्झ यांनी माकडांना पडद्यावर वेगवेगळी चित्रं दाखवली. एका चित्रानंतर फळांचा रस हमखास मिळायचा, एकानंतर कधीच नाही, बाकीच्यांची शक्यता २५, ५० आणि ७५ टक्के. चित्र दिसलं की शक्यतेच्या प्रमाणात डोपामिन पेशी उसळायच्या. रस मिळाला की उलटं : जितका अनपेक्षित, तितकी मोठी उसळी. आणि चित्र व रस यांच्या मधल्या सुमारे दोन सेकंदांत एक संथ चढ दिसला. तो ५० टक्क्यांना सर्वांत मोठा होता, २५ आणि ७५ ला त्याहून लहान, शून्य आणि शंभरला जवळजवळ नव्हताच. जोखीम सर्वांत जास्त असते तीही ५० टक्क्यांनाच. या चढाच्या अर्थावर वाद आहे. याएल निव्ह आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की अनेक फेऱ्यांतल्या तफावतींची सरासरी काढली तरी असा चढ उमटू शकतो.

वादाचं काहीही होवो, मला इथे वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पहिल्या दिवशी त्या माकडांसाठी प्रत्येक चित्र दुशान्बेच होतं. ५० टक्के हा आकडा त्यांना कुणी सांगितला नव्हता. पुष्कळ फेऱ्यांत, प्रत्येक तफावतीतून थोडं थोडं, तो त्यांच्या मेंदूत मुरला. संदिग्धतेची जोखीम होते ती अशी. आणि एकदा ती झाली की पुढे शिकण्यासारखं काही उरत नाही, कारण ५० टक्क्यांचं चित्र शंभराव्यांदा पाहिलं तरी रस मिळेल की नाही हे आधी कळत नाही.

तरुण मुलांना धोका आवडतो हे आपण किती खात्रीने बोलतो! अॅग्निएष्का टिमुला, इफात लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२ ते १७ वयाची मुलं आणि ३० ते ५० वयाची माणसं यांची तुलना केली. शक्यता स्पष्ट सांगितल्या तेव्हा मुलं मोठ्यांपेक्षाही जपून खेळली. शक्यता झाकल्या तेव्हा मात्र मोठी माणसं बिचकली आणि मुलं तितकी बिचकली नाहीत. ज्या वयात जगातलं बहुतेक सगळं पहिल्यांदाच करायचं असतं, त्या वयात अज्ञाताची भीती कमी असणं उपयोगाचंच असणार. पण मग धडपडणाऱ्या मुलाला तुला धोक्याचं वेड आहे असं सुनावण्यापेक्षा त्याला शक्यता उघड करून दाखवणं बरं.

आपल्याकडे हा फरक दरवर्षी जूनमध्ये शेतात उतरतो. हवामान खातं एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा पहिला अंदाज देतं. १९७१ ते २०२० या काळातली जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर, तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सरासरीइतका, आणि प्रत्येक गटाची शक्यताही टक्क्यांत दिलेली असते. आकडा म्हणून ही स्वच्छ जोखीम आहे, पण ती देशाची. आपल्या शिवारात, पेरणीनंतरच्या पंधरा दिवसांत काय होईल याबद्दल त्या आकड्यातून फारच थोडं कळतं. तिथे अजून दुसराच डबा आहे. पहिली सर पडते, शेजारच्याची तिफण चालू होते, आणि आपल्यालाही सगळं कळल्यासारखं वाटतं. खरं तर मनातली संदिग्धता ओसरलेली असते, मातीतली नाही. दुबार पेरणीची वेळ अनेकदा याच घाईतून येते.

कृषी विभागाचा सल्ला असतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरू नका. हा चौकशीचा उपाय आहे. हातभर खणून ओल किती खोल गेली ते पाहिलं, वापसा आला याची खात्री केली, की जे कळण्यासारखं होतं ते कळलं. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडेल का, हे त्यानंतरही कळत नाही, आणि त्यासाठी थांबून राहण्यात अर्थ नसतो. तिथून पुढे जोखीम विभागायची. पीक विमा आहेच, आणि सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घेतात तेही याचसाठी. सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत निघतं, तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असते आणि तिची मुळं खोल जातात, त्यामुळे मधल्या खंडात सोयाबीनला झळ बसली तरी तुरीला उशिराच्या पावसाचा लाभ मिळू शकतो.