कागद रुग्णाचा, हात मदतनिसाचा

नागपुरात छिंदवाडा रोडवरच्या एका चौकाला लोक अजूनही बिनदिक्कत पागलखाना चौक म्हणतात. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं. मध्य प्रांत अस्तित्वात येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. पुढे १९१२ चा इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट आला आणि भरती करण्याची रीत पक्की झाली : घरच्यांनी अर्ज करायचा, दोन डॉक्टरांनी दाखले द्यायचे, मॅजिस्ट्रेटनं हुकूम काढायचा. रस्त्यात कुणी भ्रमिष्ट अवस्थेत सापडलं, तर पोलिस त्यालाही मॅजिस्ट्रेटपुढेच नेत. दाखला लागायचा तो रुग्णाचा. त्याला धरून आणणारा शिपाई किंवा रात्रभर त्याच्याजवळ बसणारा परिचर काही शिकलेला आहे का, हा प्रश्न कायद्याला पडलाच नव्हता. मानसिक संकटात मदतीला जाणाऱ्यांचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र यांबाबत आज जो घोळ दिसतो, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही वाट फारशी बदलली नाही. तो लागू व्हायलाच १९९३ उजाडलं, आणि पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे कायम राहिलं. दरम्यान १९९२ च्या कायद्यानं भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक अधिकार दिले. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) ठरावीक अभ्यासक्रम आणि नोंदणी बंधनकारक झाली. वरच्या पायरीची सोय झाली. पण संकटाच्या घडीला जो प्रत्यक्ष समोर असतो, तो या चौकटीबाहेरच राहिला.

बाहेरच्या जगात या माणसाचा विचार आधी झाला होता. १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड व्हॅरा या पाद्र्यानं आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोनसेवा सुरू केली. त्याच्या भेटीसाठी थांबलेल्या लोकांना स्वयंसेवक चहा देत आणि बोलत बसत. त्या बोलण्यानंच अनेकांचं ओझं उतरतं, हे त्याच्या लक्षात आलं आणि तिथून ‘समॅरिटन्स’ची स्वयंसेवकांवर उभी असलेली पद्धत रुजली. अमेरिकन असोसिएशन ऑफ सुसायडॉलॉजीनं १९७६ पासून संकट-केंद्रांना, म्हणजे अशा माणसांना मदत करणाऱ्या केंद्रांना, निकष लावून मान्यता द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे आत्महत्या रोखण्याचं काम करणारी चेन्नईची ‘स्नेहा’ ही संस्था १९८६ ची. नंतर ठरीव अभ्यासक्रमही आले : १९९५ च्या सुमाराचा ‘क्यूपीआर’ तास-दोन तासांचा, तर कॅनडातून आलेला ‘असिस्ट’ पूर्ण दोन दिवसांचा. दोन्हींच्या शेवटी प्रमाणपत्र मिळतं. भिंतीवर टांगल्यावर दोन्ही सारखीच दिसतात, हा भाग वेगळा.

या अभ्यासक्रमांचा गाभा मात्र जवळजवळ एकच आहे. “जीव द्यायचा विचार मनात येतो का?” हे समोरच्याला सरळ विचारायचं, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडायचं नाही, उपदेश करायचा नाही, आणि डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे नीट पोहोचवायचं. सांगायला दहा मिनिटं लागतात. पण तोंडातून तो प्रश्न न अडखळता यावा, यासाठी एकमेकांसमोर बसून पुन:पुन्हा सराव करावा लागतो. नुसतं भाषण ऐकून हे येत नाही.

विदर्भात हा विषय कास्तकारांच्या आत्महत्यांमुळे ऐरणीवर आला. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये सहा जिल्हे होते : अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा. त्यात कर्ज, व्याज, सिंचन, बियाणं यांवर भर होता. मनाचा विचार मागाहून आला. अमरावती-वर्ध्यातल्या गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. त्यात नागपूरची ‘प्रकृती’ ही संस्था सहभागी होती. गावातल्याच कार्यकर्त्यांना मानसिक प्रथमोपचार शिकवला, त्यांच्या वर बिगर-डॉक्टर समुपदेशक आणि त्यांच्याही वर मनोविकारतज्ज्ञ, अशी उतरंड होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे, कारण इथे पदवी नसलेल्या माणसाला शिकवून वाऱ्यावर सोडलं नव्हतं. त्याच्या पाठीशी कुणीतरी होतं. राज्य सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पानं पुढे विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आशाताईंना कामाला लावलं. नागपूरच्या मनोरुग्णालयातही टाटा ट्रस्ट्सबरोबर ‘उडान’ हा सुधारणांचा उपक्रम सुरू झाला.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मे २०१८ मध्ये लागू झाला आणि दिशा बदलली. कलम १०० नुसार पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या माणसाला आता चोवीस तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. कलम ११५ नं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असं गृहीत धरलं, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवली. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत अशा रुग्णाजवळ थांबणारी सिस्टर आणि नोंद घ्यायला आलेला हवालदार, दोघांचंही काम त्यामुळे कागदावर तरी बदललं. पोलिसांना या कायद्याचं प्रशिक्षण देणं हे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं काम आहे, आणि मनोरुग्ण परिचारिका व मनोसामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणीही त्याच्याकडेच.

१० ऑक्टोबर २०२२ ला टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा सुरू झाली. १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं, आणि समुपदेशकांच्या प्रशिक्षणाची सूत्रं बंगळूरच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे आहेत. त्याआधी, २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात ‘मानसिक आरोग्य साहाय्य कार्यकर्ता’ हा प्रकार प्रथमच यादीत आला. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ पुनर्वास परिषदेकडेच राहिले. म्हणजे एकाच खोलीतल्या परिचारिका, साहाय्य कार्यकर्ता आणि मानसशास्त्रज्ञ या तिघांची नोंद तीन दारांशी.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थी आत्महत्यांच्या प्रकरणात निर्देश दिले : शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवा, आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवं. कोचिंग क्लासेसही यात आले, म्हणजे नागपुरात यादी लांबच लांब. हे प्रशिक्षण प्रमाणित तज्ज्ञांनी द्यायचं आहे. शिकवणाऱ्याची पात्रता अशी ठरली. शिकून जाणाऱ्या वॉर्डनला आणि शिक्षकाला मात्र देशभर एकच मानलं जाईल असं प्रमाणपत्र अजून नाही.