पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीबाहेर कशा पडतात?

पावसाळा सरत आला आणि नाशिकमध्ये डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की रक्ततपासणीचे अहवाल मोबाइलवरून नातेवाइकांत फिरू लागतात. पांढऱ्या पेशींचा आकडा वाढला तर अँटिबायोटिक हवेच आणि घटला तर प्रतिकारशक्ती संपली, असा सरधोपट अर्थ त्यातून काढला जातो. प्रौढ व्यक्तीच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारणपणे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. डेंग्यूत हा आकडा घटणे नेहमीचेच आहे, आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग होत नाही. मुळात या पेशींचे बरेचसे काम रक्तात चालतच नाही, ते रक्तवाहिनीच्या बाहेर चालते. तेथे त्या पोहोचतात कशा, हा शरीरशास्त्रातील अत्यंत विलक्षण भाग आहे.

निफाडच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी करताना कात्री बोटाला लागली आणि जखमेतून जिवाणू आत शिरले, असे समजू. तेथे आधीपासून असलेल्या भक्षक पेशी रासायनिक संदेश सोडतात आणि त्यामुळे जवळच्या सूक्ष्म शिरांच्या आतील अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिने प्रकट होतात. न्यूट्रोफिल ही सर्वाधिक संख्येने आढळणारी पांढरी पेशी रक्तातून वेगाने वाहत येते, तेव्हा तिच्या पृष्ठभागावरील शर्करेच्या साखळ्या या सिलेक्टिनमध्ये अडकतात. ही पकड कच्ची असते. ती क्षणात सुटते, पुढे पुन्हा बसते, आणि कपड्याला कुसळे लागत जावीत तशी पेशी अडकत-सुटत अस्तरावरून संथपणे घरंगळू लागते. वेग मंदावल्यामुळेच तिला अस्तरावरील पुढचा रासायनिक संदेश मिळतो. त्यासरशी तिच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन प्रथिनांचा आकार बदलतो, पकड पक्की होते, पेशी जागीच थांबून चपटी होते आणि अस्तरातील दोन पेशींमधील फटीतून बाहेर पडते. पुढे रसायनांचा माग काढत ती जिवाणूंना गिळते व मारते. जखमेतील पू म्हणजे मुख्यतः अशा मृत न्यूट्रोफिलचा साठा होय.

इंटिग्रिनचा एक घटक जन्मतः सदोष असलेल्या बालकांच्या रक्तात पांढऱ्या पेशी अमाप असतात, तरी जंतुसंसर्ग वारंवार होतो आणि जखमेत पू धरत नाही. पकड बिघडण्याच्या याच विकाराच्या दुसऱ्या, अतिदुर्मीळ प्रकारात फ्युकोज ही शर्करा पेशींवर जोडली जात नाही, त्यामुळे सिलेक्टिनची पकडच बसत नाही. आणि त्या रुग्णांचा रक्तगट निघतो तो डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट! कारण त्या गटात नसलेला एच प्रतिजनही (तांबड्या पेशींवरील, रक्तगट ठरवणारी शर्करेची खूण) फ्युकोजवाचून तयार होत नाही. एरवीच्या बॉम्बे गटाच्या व्यक्तींमध्ये केवळ तो प्रतिजन घडवणारे विकर (एन्झाइम) नसते, त्यांच्या पांढऱ्या पेशी मात्र उत्तम काम करतात.

पांढऱ्या पेशी वाढवून रोग पळवण्याची हमी देणाऱ्या काढ्यांच्या जाहिराती या साऱ्या यंत्रणेविषयी चकार शब्द काढत नाहीत. शिवाय कोणत्याही क्षणी बऱ्याच न्यूट्रोफिल शिरांच्या भिंतीलगत रेंगाळत असतात आणि हातातून काढलेल्या नमुन्यात त्या मोजल्या जात नाहीत. धाप लागेपर्यंत धावल्यावर किंवा स्टिरॉइडच्या गोळीनंतर त्या भिंतीपासून सुटून प्रवाहात येतात आणि कोणताही संसर्ग नसताना अहवालातील आकडा वाढतो. म्हणूनच डॉक्टर पांढऱ्या पेशींचे प्रकारवार प्रमाण पाहतात आणि रुग्ण कोणती औषधे घेतो आहे, याचीही चौकशी करतात.