रुमालाखालचा भाव

जनावरांच्या बाजारात बैलाचा सौदा अजूनही रुमालाखाली बोटं धरून होताना दिसतो. आपला आकडा शेजारच्यालाही कळू द्यायचा नाही! पण त्याच शेतकऱ्याला उदगीरकडच्या एखाद्या पारावर विचारा, "दादा, शेळीला पीपीआर या साथीच्या रोगाची लस कितीला घ्याल?" तो सहज म्हणेल, "पन्नास देऊ की." बोलायला पैसे पडत नाहीत, शिवाय दारी आलेल्या पाहुण्याला नाराज कशाला करा?

जर-तरच्या प्रश्नाची उत्तरं अशी फुगतात. २००५ साली २८ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा बोललेली किंमत प्रत्यक्ष दिलेल्या किमतीच्या साधारण १.३५ पट निघाली. काही अभ्यासांत तर फुगवटा कितीतरी जास्त होता. अशा आकड्यावर लशीचा दर ठरवला, तर बाटल्या फ्रीजमध्येच राहायच्या.

एक उतारा असा: बोलण्याला खरे पैसे जोडायचे. बेकर, डीग्रूट आणि मार्शाक या संशोधकांची १९६४ सालची युक्ती त्यासाठीच वापरतात. शेतकऱ्यानं आपला जास्तीत जास्त भाव सांगायचा, मग मडक्यातून दराची चिठ्ठी काढायची. चिठ्ठीतला दर त्याच्या भावाएवढा किंवा कमी निघाला, तर चिठ्ठीच्या दरानं लस घ्यावीच लागते. जास्त निघाला तर व्यवहार नाही. मनात वीस असताना पन्नास बोलला आणि चिठ्ठी चाळीसची निघाली, तर वीस रुपयांना खड्डा. दहा बोलला आणि पंधराची निघाली, तर परवडणारी लस हातची गेली. म्हणजे खरं बोलण्यातच फायदा. घासाघीस अंगात मुरलेल्या माणसाला हे चटकन पटत नाही, म्हणून आधी साबणाच्या वडीवर सराव करून घेतलेला बरा.

लस अजून बाजारातच नसेल तर? मग प्रश्न विचारण्याआधीच सांगून टाकतात, की अशा वेळी लोक जास्त बोलतात, तुम्ही खत-बियाण्याचा खर्च आठवून सांगा. ही रीत १९९९ च्या एका अभ्यासानंतर गाजली, पण तिचा गुण दर वेळी येतोच असं नाही. मला त्यापेक्षा "तुमचा शेजारी किती देईल?" हा प्रश्न आवडतो. शेजाऱ्याचा मोठेपणा दाखवायची कुणाला गरज नसते.

आणि विचारायचं कुणाला? पारावर भेटतो नवरा. शेळ्यांचं चारापाणी, दुखणंखुपणं बहुतेक घरी बाईच बघते.