पार्श्वभूमी: शरीरात पोहणारे सूक्ष्म रोबो कसे घडत गेले

या विषयाची सुरुवात बहुतेक जण भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या 29 डिसेंबर 1959 च्या व्याख्यानापासून करतात. सर्जनच, म्हणजे शस्त्रक्रिया करणारे इवलेसे यंत्र, गिळून टाकायचा, ही त्यातली कल्पना त्यांचे मित्र आल्बर्ट हिब्ज यांची होती, आणि फाइनमन यांनी ते श्रेय तिथेच देऊन टाकले होते. रोबो घडवणाऱ्याच्या हाती मात्र त्या व्याख्यानातून फारसे लागत नाही. त्याच्या कामाची माहिती जीवाणूंच्या अभ्यासातून आली. जीवाणूची शेपटी वळवळत नाही, ती मुळापासून गरगर फिरते, हे 1973 मध्ये हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी मांडले. असेच का करावे लागते, ते एडवर्ड पर्सेल यांनी 1977 च्या लेखात सांगितले.

पर्सेल यांचा हिशेब असा: साधारण एक मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जीवाणू सेकंदाला 30 मायक्रॉन वेगाने चालला आहे आणि त्याने शेपटी थांबवली, तर तो हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच पुढे जाऊन थांबतो. या मापावर जडत्व जवळजवळ नसतेच, पाणीच काकवीसारखे वागते. त्यामुळे शिंपल्यासारखी उघडझाप कितीही जोरात केली, तरी उघडताना मिळालेले अंतर मिटताना परत जाते. एकाच बिजागरीचा पोहणारा रोबो म्हणूनच बाद. मळसूत्र मात्र एकाच दिशेने फिरत राहते, मागची हालचाल उलटी करावी लागत नाही, म्हणून ते पुढे सरकते.

म्हणजे काय घडवायचे, हे तेव्हाच ठरले होते. कसे घडवायचे, यात पुढची तीसेक वर्षे गेली.

होंडा, अराई आणि इशियामा यांनी 1996 मध्ये तांब्याच्या तारेची सुमारे दोन सेंटिमीटरची गुंडाळी घेतली, तिच्या टोकाला बारीक चुंबक बसवला आणि फिरत्या चुंबकीय क्षेत्रात ती सिलिकॉन तेलात पोहवून दाखवली. तेल दाट असल्याने मोठ्या वस्तूवरही सूक्ष्म जगाचेच नियम लागू होतात. इंजिन आणि बॅटरी शरीराबाहेर, आत फक्त स्क्रू, ही मांडणी आजही तशीच आहे. मधल्या काळात वेगळी वाटही चाचपून झाली. 2004 मध्ये पेन स्टेट विद्यापीठात सोने आणि प्लॅटिनमच्या दोन मायक्रॉन लांबीच्या कांड्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात आपोआप धावल्या. पण पेरॉक्साइड हे इंधन शरीरात चालण्यासारखे नाही.

खरे मळसूत्र 2009 मध्ये दोन ठिकाणी, दोन अगदी वेगळ्या कृतींनी तयार झाले. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात ब्रॅडली नेल्सन यांच्या गटाने इंडियम गॅलियम आर्सेनाइड आणि गॅलियम आर्सेनाइड यांची अतिपातळ जोडपट्टी वापरली. इंडियमचा अणू मोठा, त्यामुळे त्या थरात ताण साठलेला असतो. खालचा थर आम्लाने विरघळवला की पट्टी सुटते आणि ताणामुळे आपोआप गुंडाळली जाते. टोकाला 4.5 मायक्रॉन बाजूचा निकेलचा चुंबकीय चौकोन हे तिचे डोके. कृती देखणी, पण पदार्थात आर्सेनिक आहे, आणि औषधासाठी ही अडचण लहान नव्हे.

हार्वर्डमध्ये अंबरीश घोष आणि पीअर फिशर यांनी काचेची म्हणजे सिलिकाची मळसूत्रे उगवली. सिलिकॉनच्या वेफरवर, म्हणजे पातळ चकतीवर, सूक्ष्म मण्यांचा एकच थर पसरायचा, वेफर येणाऱ्या वाफेला जवळजवळ समांतर धरून हळूहळू फिरवायचा आणि निर्वातात सिलिकाची वाफ सोडायची. प्रत्येक मण्याच्या सावलीमुळे मधली जागा मोकळी राहते आणि मण्यावर वळणावळणाचा खांब चढत जातो: रुंदी 200 ते 300 नॅनोमीटर (हजार नॅनोमीटरचा एक मायक्रॉन), लांबी एक ते दोन मायक्रॉन. एका चौरस सेंटिमीटरवर शंभर कोटींच्या घरात.

खरी मेख पुढच्या पायरीत आहे. खांब ध्वनिलहरींनी हलवून पाण्यात सोडवतात, दुसऱ्या वेफरवर आडवे पाडून वाळवतात, वरच्या बाजूने 30 नॅनोमीटर कोबाल्ट चढवतात आणि मग जोरदार चुंबकात चुंबकित करतात. हे चुंबकन लांबीला काटकोनात व्हावे लागते. ते लांबीच्या दिशेने झाले, तर मळसूत्र स्वतःभोवती फिरण्याऐवजी पंख्याच्या पात्यासारखे गरगरते आणि जागचे हलत नाही. बाहेरचे क्षेत्र काही मिलिटेस्लाचे पुरते. वेग मिळतो सेकंदाला सुमारे 40 मायक्रॉन. क्षेत्र अधिक वेगाने फिरवले की स्क्रूही वेगाने फिरतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे द्रवाचा विरोध चुंबकाच्या पिळाला भारी पडतो, स्क्रू मागे राहतो आणि वेग एकदम पडतो. द्रव दाट असला की ही मर्यादा आणखी खाली येते, त्यामुळे पाण्यात ठरवलेले आकडे रक्तात चालत नाहीत. शिवाय उघडा कोबाल्ट रक्तात गंजतो, म्हणून घोष यांच्या बंगळुरूतील गटाने 2014 मध्ये त्यावर फेराइटचा, म्हणजे लोहयुक्त चुंबकीय ऑक्साइडचा, थर दिला.

लेझरने छापलेली मळसूत्रे 2012 मध्ये आली, पुन्हा ईटीएचमधूनच. सूक्ष्म वेळाच्या लेझर झोताच्या केंद्रबिंदूपाशीच रेझिन (प्रकाशाने घट्ट होणारा चिकट पदार्थ) घट्ट होते, बाकीचे धुऊन टाकतात. हवा तो आकार काढता येतो, हा मोठा फायदा. तोटा असा, की रोबो एकेक करून छापावे लागतात. धुतल्यावर नुसते वाळत ठेवले, तर आटणाऱ्या द्रवाचा पृष्ठताण बारीक वेटोळी एकमेकांना चिकटवून टाकतो. म्हणून द्रवाच्या जागी कार्बन डायऑक्साइड भरून ते 31 अंश सेल्सिअस आणि सुमारे 73 वातावरण दाबापलीकडे नेतात. तिथे द्रव-वायू असा पृष्ठभागच उरत नाही आणि ओढही लागत नाही. मग चुंबकासाठी निकेलचा थर आणि त्यावर टायटॅनियमचा. धातूची वाफ सरळ रेषेत येते, त्यामुळे वेटोळ्याची आतली बाजू कोरी राहू शकते. निकेल त्रासदायक धातू असल्याने टायटॅनियमचा थर कुठे फाटला, तर तो दोष गंभीरच धरावा लागतो.

मोठ्या धमनीत रक्त सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटर धावते, म्हणून सेकंदाला 40 मायक्रॉन वेगाने पोहणाऱ्याला तिथे काम नाही. साहजिकच प्रयोग वळले ते पोट आणि डोळा यांसारख्या जवळपास स्थिर जागांकडे. 2018 मध्ये फिशर यांच्या गटाने डुकराच्या डोळ्यातील काचद्रवातून, म्हणजे डोळ्यात भरलेल्या जेलीसारख्या पदार्थातून, मळसूत्रे नेली. त्याच्या जाळीत अडकू नये म्हणून त्यांची जाडी सुमारे 500 नॅनोमीटर ठेवली होती आणि त्यांवर घटपर्णी या किडे खाणाऱ्या वनस्पतीच्या निसरड्या कडेसारखा लेप दिला होता.

पोटासाठी तर चुंबकच लागला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतील गटाने 2017 मध्ये मॅग्नेशियमचे सुमारे 20 मायक्रॉनचे गोळे काचपट्टीवर पसरून वरून टायटॅनियम डायऑक्साइडचे कवच चढवले. काचेला टेकलेला भाग आपोआप उघडा राहिला, तेच इंजिनाचे तोंड. आम्ल तिथून आत जाते, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि गोळा पुढे ढकलला जातो. वर क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा थर. या रोबोंनी उंदरांच्या पोटातील हेलिकोबॅक्टर या जीवाणूचा संसर्ग कमी केला. आम्लही तेवढ्यापुरते खर्ची पडते, त्यामुळे आम्लरोधक गोळी वेगळी द्यावी लागली नाही.

त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये ली झांग यांच्या गटाने मळसूत्र घडवण्याचाच त्रास वाचवला. स्पिरुलिना ही शेवाळासारखी सूक्ष्म वनस्पती धाग्यासारखी आणि मुळातच वेटोळी असते. ती लोहाच्या ऑक्साइडच्या कणांच्या द्रावणात बुडवायची. जितका वेळ बुडवाल तितका थर जाड आणि शरीरात विघटन तितके उशिरा. पण निसर्गातले धागे एका मापाचे नसतात. एकाच फिरत्या क्षेत्रात काही धागे पुढे निघून जातात आणि काही आपली मर्यादा ओलांडून मागे डोलत राहतात.