फॅक्टरीत बनणाऱ्या घरांचा ऊर्जा-नियम नेमका कुठे अडला?

अमेरिकेत फॅक्टरीत तयार होऊन ट्रकमागून जागेवर नेल्या जाणाऱ्या घरांना १५ जून १९७६ पासून देशभर एकच बांधकाम संहिता लागू आहे. बाकी घरांना राज्याचे आणि गावाचे नियम, यांना मात्र केंद्राचा. एकच आराखडा अनेक राज्यांत विकता येतो, त्यामुळे घर स्वस्त पडतं. पण केंद्राने नियम जुना होऊ दिला, तर राज्यांना तो आपल्या अधिकारात सुधारता येत नाही.

झालं तेच. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात ही घरं मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाली, त्यानंतर १९९४ मध्ये वाऱ्याबाबतचे नियम कडक झाले. त्याच सुमारास देशाचे तीन हवामान-पट्टे धरून भिंती, छत आणि जमीन मिळून किती उष्णता बाहेर जाऊ द्यायची, याची मर्यादा ठरली. ती मर्यादा आजही तीच आहे. मधल्या काळात जागेवर बांधल्या जाणाऱ्या घरांची ऊर्जा-संहिता अनेकदा सुधारली गेली.

२००७ च्या कायद्याने फॅक्टरीतल्या घरांचा ऊर्जा-नियम ठरवण्याचं काम गृहनिर्माण खात्याकडून ऊर्जा खात्याकडे दिलं. मुदत चार वर्षांची होती. २०११ उलटलं, नियम आला नाही. २०१४ मध्ये उत्पादक आणि ऊर्जाबचतवाले एका टेबलावर बसले, २०१६ मध्ये मसुदा निघाला आणि जानेवारी २०१७ मध्ये तो मागे घेतला गेला. पर्यावरणवाद्यांनी कोर्टात धाव घेतल्यावर, कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार, मे २०२२ मध्ये नियम प्रसिद्ध झाला.

खरा पेच या नियमाच्या दोन श्रेणींत आहे. २०२१ च्या प्रस्तावात सीमारेषा किमतीची होती: ५५,००० डॉलरपर्यंतच्या घरांना सौम्य नियम, त्यावरच्यांना कडक. उत्पादकांची हरकत अशी की घर फॅक्टरीतून बाहेर पडताना डीलर ते ग्राहकाला कितीला विकेल, हे ठाऊक नसतं. शिवाय महागाईने ती रेषा लवकरच निरुपयोगी झाली असती. हरकत रास्त होती. म्हणून अंतिम नियमात किमतीऐवजी घर किती भागांत वाहून नेलं जातं, ते मोजलं गेलं. एका भागाच्या घराला (सिंगल-वाइड) पहिली श्रेणी, ज्यात वाढीव खर्च साधारण ७५० डॉलरच्या आत राहावा. दोन (डबल-वाइड) किंवा जास्त भागांच्या घराला दुसरी श्रेणी, ज्यात हाच खर्च चार हजार डॉलरच्या पुढे जातो.

हेतू चांगला होता, तरी मला हा निर्णय पटत नाही. सर्वात कमी उत्पन्नाचं कुटुंब सिंगल-वाइड घेतं, आणि त्याच्याच भिंतीत कमी इन्सुलेशन राहतं. डबल-वाइडची अडचण वेगळी. तिथे गरम हवा एका भागातून दुसऱ्या भागात नेणारी नळी बहुतेकदा घराच्या तळाखालून, बाहेरच्या पोकळीतून जाते. तिचा जोड सैल पडला की पैसे मोजून तापवलेली हवा घराखाली निघून जाते. नव्या नियमाने दोन्ही श्रेणींतल्या नळ्यांच्या गळतीवर मर्यादा घातली. इतका उपयोगी भागही बाकी भांडणात अडकून पडला आहे.

परवडण्याचा हिशेबही सरळ नाही. जमीन स्वतःची नसेल तर या घराला गृहकर्जाऐवजी बहुधा वाहनासारखं जंगम मालमत्तेचं कर्ज मिळतं: व्याज जास्त, मुदत कमी. त्यामुळे चार हजार डॉलर वाढले की हप्ता लगेच जाणवतो आणि काहींचं कर्जच नाकारलं जातं. उत्पादकांचं हे म्हणणं खोटं नाही. पण हिवाळ्यातलं प्रोपेनचं आणि विजेचं बिल तेच कुटुंब दरवर्षी भरतं, आणि किमतीच्या चर्चेत ते धरलंच जात नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत उत्पादकांनी टेक्सासच्या कोर्टात दावा लावला. नियम त्याच वर्षी ३१ मेपासून लागू व्हायचा होता, तो पुढे ढकलला गेला. कारण अंमलबजावणीचं होतं. फॅक्टरीत तपासणी होऊन घराच्या प्रत्येक भागावर लाल पत्र्याची पट्टी लागते, ती गृहनिर्माण खात्याच्या व्यवस्थेतून. ऊर्जा खात्याकडे तशी यंत्रणा नाही. कायद्यात दंड आहे, घराच्या छापील किमतीच्या एक टक्क्यापर्यंत, पण तो कोणी, कसा लावायचा हे ठरलेलं नव्हतं. पहिली श्रेणी अंमलबजावणीची पद्धत ठरल्यानंतर ६० दिवसांनी, दुसरी १ जुलै २०२५ पासून, असं तेव्हा जाहीर झालं. २०२५ मध्ये दुसरीही त्या न ठरलेल्या पद्धतीलाच बांधली गेली.